जेवायला नकार आणि एक वर्षाची कैद: लष्करी न्याय कसा चालतो, आणि त्यात बदलायला हवं ते काय

1985 साली भूदलाच्या सिग्नल्स विभागातल्या एका जवानाला एक वर्षाची सक्तमजुरी झाली. नोकरीही गेली. आरोप काय, तर वरिष्ठांनी जेवायला सांगितलं असताना तो जेवला नाही. हा जवान त्या वेळी क्वार्टर गार्डच्या, म्हणजे युनिटच्या पहारेचौकीच्या, कोठडीत 28 दिवसांची आधीची शिक्षा भोगत होता. ती शिक्षा तरी कशाची? एक अधिकारी छळतो, अशी तक्रार त्यानं मधल्या पायऱ्या सोडून थेट वर पाठवली, त्याची. जेवणाच्या प्रकरणात निवाडा करायला समरी कोर्ट मार्शल, म्हणजे युनिटमध्येच झटपट चालणारं लष्करी कोर्ट, बसलं, आणि ज्याच्याविरुद्ध ती तक्रार होती तोच अधिकारी त्यात होता. ‘या कोर्टात बसलेल्यांपैकी कुणाबद्दल तुझा आक्षेप आहे का,’ एवढंही त्या जवानाला कुणी विचारलं नाही.

1987 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही शिक्षा रद्द केली. ‘रणजित ठाकूर विरुद्ध भारत सरकार’ या नावानं हा निकाल आजही प्रत्येक लष्करी वकिलाच्या तोंडी असतो. न्यायमूर्ती वेंकटाचलय्या यांनी त्यात दोन गोष्टी ठणकावून सांगितल्या. शिक्षा गुन्ह्याच्या मानानं हवी. आणि ज्याच्या मनात आपल्याबद्दल आकस आहे असं आरोपीला रास्तपणे वाटू शकतं, त्यानं न्यायासनावर बसू नये.

लष्करी कायद्यातल्या सुधारणांची चर्चा निघाली की आपल्याकडे ती लगेच ‘सैनिकांना जास्त हक्क दिले तर शिस्त राहील का’ या वळणावर जाते. मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. शिस्तीला कुणाचा विरोध नाही, जवानांचा तर अजिबात नाही. खरी अडचण वेगळीच आहे. आरोप ठेवायचा की नाही हे ठरवणारा, न्याय करायला माणसं नेमणारा आणि निकाल पक्का करणारा, हे सगळे एकाच कमांडच्या साखळीतले असतात. कधीकधी तर तो एकच माणूस असतो.

वेगळा कायदा का

संविधानाच्या 33व्या अनुच्छेदानं संसदेला एक खास मुभा दिली आहे. सैन्यदलांतल्या माणसांचे मूलभूत हक्क, शिस्त राखण्यासाठी लागेल तितके, संसद कमी करू शकते. त्या जोरावर तीन कायदे उभे आहेत: भूदलाचा आर्मी ॲक्ट 1950 चा, हवाई दलाचा कायदाही 1950 चाच, आणि नौदलाचा 1957 चा. संघटना करणं, वर्तमानपत्रांशी बोलणं, राजकीय सभेला जाणं, यांवर सैनिकाला जी बंधनं असतात ती इथून येतात.

वेगळा कायदा हवा याचं कारण सरळ आहे. कारखान्यातला कामगार रजा संपून चार दिवस उशिरा आला तर पगार कापला जातो. चौकीवरचा संत्री झोपला तर माणसं मरतात. म्हणून परवानगीशिवाय गैरहजेरी, हुकूम न मानणं, वरिष्ठावर हात उचलणं, पहाऱ्यावर झोपणं या गोष्टी नागरी जीवनात फार तर गैरवर्तन ठरतील, पण सैन्यात त्या गुन्हा आहेत. निवाडाही लवकर हवा, कारण पलटण उद्या दुसऱ्या सीमेवर गेलेली असू शकते. इथपर्यंत वाद नाही.

गोची अशी की या कायद्यांची बांधणी स्वातंत्र्यापूर्वीची आहे. 1950 चा आर्मी ॲक्ट बराचसा 1911 च्या इंडियन आर्मी ॲक्टवरून उतरलेला. गोऱ्या अधिकाऱ्यांनी हिंदी शिपायांना धाकात ठेवायचं, हा त्या जुन्या कायद्याचा उघड हेतू होता. राज्य गेलं, कलमं राहिली. गंमत म्हणजे ज्या ब्रिटनकडून हे आलं, तिथली पार्लमेंट सशस्त्र दलांचा कायदा दर पाच वर्षांनी पुन्हा नव्यानं मंजूर करते. तो मंजूर झाला नाही तर सैन्य शिस्तीत ठेवायचा कायदेशीर आधारच संपतो. त्या निमित्तानं तिथे दर पाच वर्षांनी कायदा उलटसुलट तपासला जातो. आपला कायदा एकदा झाला तो झाला.

एका रजेची गोष्ट

समजा, खटाव तालुक्यातला एक शिपाई. नोकरीला नऊ वर्षं झालेली. वडिलांच्या आजारपणासाठी महिन्याची रजा घेऊन गावी आला आणि रजा संपल्यावर वीस दिवस उशिरा युनिटमध्ये पोहोचला. पुढे काय होतं?

त्याला टोपी आणि बेल्ट काढून कमांडिंग ऑफिसरपुढे, म्हणजे सीओपुढे, उभं केलं जातं. आरोप वाचला जातो. साक्षीदार समोर बोलतात, आणि शिपायाला त्यांना प्रश्न विचारता येतात. आर्मी रूल्सच्या 22व्या नियमाची ही सुनावणी आहे. आपल्या पोलीस तपासात आरोपीला इतक्या लवकर साक्षीदाराला प्रश्न विचारायला मिळत नाहीत, तेव्हा याबाबतीत लष्करी कायदा नागरी कायद्याच्या एक पाऊल पुढेच म्हणायचा. सीओला वाटलं तर तो आरोप काढून टाकतो. नाहीतर आर्मी ॲक्टच्या कलम 80 खाली स्वतःच शिक्षा देतो: 28 दिवसांपर्यंत कोठडी, किंवा लाइन्सच्या, म्हणजे बराकींच्या आवाराच्या, बाहेर न पडण्याची शिक्षा, जादा गार्ड ड्युटी, किंवा दंड. कोर्टाची भानगड नाही.

यातली मोठी शिक्षा सर्व्हिस रेकॉर्डला लाल शाईनं चढते, हीच ती प्रसिद्ध ‘रेड इंक एन्ट्री’. अशा चार एन्ट्री झाल्या की ‘हा माणूस सैन्याला नको’ म्हणून घरी पाठवायचं, अशी पद्धत 1988 च्या एका धोरणपत्रावरून बरीच वर्षं चालली. सर्वोच्च न्यायालयानं वीरेंद्रकुमार दुबे यांच्या प्रकरणात सांगितलं की चार हा आकडा म्हणजे आपोआप पडणारी कुऱ्हाड नव्हे. एन्ट्री कशाबद्दल होत्या, सेवा किती झाली, पेन्शनला किती वर्षं उरली, पोस्टिंग किती खडतर होती, हे पाहूनच निर्णय घ्यायला हवा. पेन्शनसाठी शिपायाला 15 वर्षांची सेवा लागते. चौदाव्या वर्षी चौथी एन्ट्री झालेल्या माणसाच्या घरात या निकालाचं मोल काय असेल, याचा अंदाज करता येतो.

आता हाच शिपाई वीस दिवसांऐवजी तीन महिने आला नाही, असं धरू. तीस दिवस उलटले की युनिटमध्ये कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते आणि त्याला गैरहजर घोषित करते. त्याला पकडून आणण्याबद्दलचा कागद, ॲप्रिहेन्शन रोल, गावाकडच्या पोलिसांकडे जातो. हवालदार दारात आला की सगळ्या वाडीला कळतं. इथून पुढे प्रश्न असा की ही नुसती गैरहजेरी की पलायन, ज्याला कायदा ‘डेझर्शन’ म्हणतो? परत यायचा इरादा होता की नव्हता, यावर ते ठरतं. साध्या गैरहजेरीला तीन वर्षांपर्यंत कैद. डेझर्शनला शांततेच्या काळात सात वर्षांपर्यंत, आणि प्रत्यक्ष युद्धसेवेत असताना केलं तर मृत्युदंडापर्यंत.

चार प्रकारची कोर्टं, आणि त्यातलं सगळ्यात लहान

भूदलाच्या कायद्यात कोर्ट मार्शल चार प्रकारचं आहे. जनरल कोर्ट मार्शलमध्ये किमान पाच अधिकारी बसतात आणि ते मृत्युदंडही देऊ शकतं, मात्र त्यासाठी दोन तृतीयांश सदस्यांचं एकमत लागतं. डिस्ट्रिक्ट कोर्ट मार्शलमध्ये किमान तीन अधिकारी, आणि कैदेची मर्यादा दोन वर्षं. युद्धाच्या धामधुमीसाठी समरी जनरल कोर्ट मार्शल आहे. तिथेही तीन अधिकारी, पण मृत्युदंडाला तिघांचीही संमती हवी. जनरल कोर्ट मार्शलमध्ये लष्कराच्या विधी शाखेचा एक अधिकारी, जज ॲडव्होकेट, सल्ल्याला हजर असावाच लागतो. तो कायदा समजावतो, मत देत नाही. हे अधिकारी ज्या इन्स्टिट्यूट ऑफ मिलिटरी लॉमध्ये तयार होतात ती नागपूरशेजारी कामठीला आहे.

चौथं, समरी कोर्ट मार्शल, यावर जरा थांबायला हवं. इथे कोर्ट म्हणजे एकटा सीओ. दोन अधिकारी किंवा जेसीओ (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) बाजूला हजर असतात, पण ते शपथ घेत नाहीत आणि मतही देत नाहीत. जज ॲडव्होकेट नाही. वकील नाही. ‘फ्रेंड ऑफ द ॲक्यूज्ड’ म्हणून एक जण आरोपीच्या शेजारी बसू शकतो, त्याच्या कानात सल्ला देऊ शकतो, पण साक्षीदाराला प्रश्न विचारू शकत नाही आणि कोर्टाशी बोलू शकत नाही. सीओ लेफ्टनंट कर्नल किंवा त्यावरचा असेल तर एक वर्षापर्यंत कैद, शिवाय बडतर्फी. बाकीच्या कोर्टांचा निकाल वरून पक्का व्हावा लागतो, याचा नाही. शिक्षा लगेच लागू. कागद नंतर वरच्या मुख्यालयात तपासणीला जातात, एवढंच.

आणि हे कोर्ट फक्त शिपाई, नाईक आणि हवालदार यांच्यासाठी आहे. अधिकारी किंवा जेसीओ यांच्यावर ते भरवताच येत नाही. म्हणजे ज्याला कायद्याची माहिती सगळ्यात कमी, ज्याच्याकडे वकिलाला द्यायला पैसे कमी, आणि बडतर्फ झाला तर ज्याच्या घरची चूल विझते, त्याच्याच वाट्याला सगळ्यात कमी संरक्षण असलेलं कोर्ट. नौदलात आणि हवाई दलात समरी कोर्ट मार्शल हा प्रकारच नाही. जहाजाच्या कॅप्टनला स्वतःच्या अधिकारात शिक्षा देता येते, पण वर्षभराच्या कैदेची नव्हे. त्या दोन दलांची शिस्त त्यामुळे ढासळली असं कुणी म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

समरी कोर्ट मार्शलमध्ये कबुलीजबाबांचाही एक जुनाच घोळ आहे. आरोपीनं गुन्हा कबूल केला तर साक्षीपुरावे फारसे लागत नाहीत, काम पटकन उरकतं. कबुली दिल्यावर काय होईल हे आरोपीला समजावून सांगावं, असं नियम सांगतो. पण कार्यवाहीच्या कागदांवर छापील साच्यातली कबुली आहे आणि खाली जवानाची सहीच नाही, असे कागद उच्च न्यायालयांपुढे वारंवार आले आणि अशी कोर्ट मार्शल रद्द झाली. माणसानं खरंच कबुली दिली होती का, की ‘बोल हो, लवकर सुटशील’ असं कुणी सांगितलं होतं, हे वर्षांनंतर कोण शोधणार?

2016 मध्ये विश्व प्रिया सिंग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं समरी कोर्ट मार्शल हा अपवाद आहे, रोजचा रस्ता नव्हे, अशी भूमिका घेतली. तातडीनं कारवाई केली नाही तर शिस्त बिघडेल, अशी खरीखुरी निकड असेल तेव्हाच ते वापरावं. निकालात हे आलं खरं. कायद्याच्या पुस्तकात मात्र कलम जिथल्या तिथे आहे.

लाल किल्ल्यातला तो खटला

निकाल ‘पक्का करणं’ म्हणजे काय, हे समजायला आपल्या इतिहासातला सगळ्यात गाजलेला खटला पाहावा. नोव्हेंबर 1945 मध्ये दिल्लीच्या लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेचे शाहनवाज खान, प्रेमकुमार सहगल आणि गुरबक्षसिंग ढिल्लन यांच्यावर जनरल कोर्ट मार्शल भरलं. बचावाला भुलाभाई देसाई उभे राहिले. कोर्टानं तिघांना राजाविरुद्ध युद्ध पुकारल्याबद्दल दोषी ठरवलं आणि जन्मठेपेची, काळ्या पाण्याची शिक्षा दिली. पण कोर्ट मार्शलचा निकाल वरून मान्य होईपर्यंत निकालच नसतो. सरसेनापती ऑकिनलेक यांनी 3 जानेवारी 1946 ला जन्मठेप माफ केली, फक्त बडतर्फी आणि थकीत पगार जप्त करण्याची शिक्षा ठेवली. तिघे मोकळे झाले आणि देशभर जल्लोष झाला.

ऑकिनलेक यांचा निर्णय शहाणपणाचा होता, पण तो न्यायालयीन नव्हता. देशातली हवा पाहून एका सेनापतीनं घेतलेला तो निर्णय होता. हाच अधिकार आजच्या कायद्यात कलम 153 मध्ये आहे: अधिकाऱ्यांच्या कोर्टानं काहीही ठरवलं तरी वरच्या अधिकाऱ्यानं शिक्कामोर्तब केल्याशिवाय ते वैध नाही. हे निर्दोष सुटकेलाही लागू आहे. ‘पुन्हा विचार करा’ म्हणून वरिष्ठ एकदा निकाल परत पाठवू शकतो. आता त्या कोर्टात बसलेल्या मेजरच्या जागी स्वतःला कल्पून पाहा. कोर्टात बसायचा हुकूम ज्या वरच्या मुख्यालयातून आला, वार्षिक गोपनीय अहवालही त्याच साखळीतून लिहिला जातो, आणि आता तिथूनच निकाल परत आला आहे. बहुतेक अधिकारी अशा वेळीही मनाला पटेल तेच करतात, असं मी मानायला तयार आहे. पण न्याय माणसाच्या धैर्यावर टांगून ठेवायचा कशाला?

अपील: सत्तावीस वर्षांची वाट

1982 मध्ये लेफ्टनंट कर्नल पृथीपालसिंग बेदी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं एक खंत नोंदवली. साधा चोर अपिलामागून अपील करू शकतो आणि देशासाठी लढणाऱ्या माणसाला पुरावा पुन्हा तपासून घ्यायला एकसुद्धा अपील नाही, ही मोठी उणीव आहे. त्या वेळी कोर्ट मार्शलनंतर उरायचे ते वरिष्ठांकडे अर्जविनंत्या, आणि उच्च न्यायालयात रिट याचिका. रिटमध्ये प्रक्रिया बरोबर झाली का एवढंच पाहतात, पुरावा नव्यानं तोलत नाहीत.

न्यायालयाच्या या बोलण्यावर सरकार हलायला बराच काळ गेला. 1999 मध्ये विधी आयोगानं आपल्या 169व्या अहवालात सैन्यदलांसाठी अपील न्यायाधिकरण असावं असं सांगितलं. 2007 मध्ये कायदा झाला. ऑगस्ट 2009 मध्ये राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते सशस्त्र दल न्यायाधिकरण सुरू झालं, ज्याला सगळे एएफटी म्हणतात. प्रत्येक खंडपीठावर एक निवृत्त न्यायाधीश आणि एक निवृत्त वरिष्ठ सैन्याधिकारी. एक कायदा जाणणारा, दुसरा पलटण जाणणारा. ही जोडी मला या सगळ्या व्यवस्थेतली सर्वांत शहाणी कल्पना वाटते. एएफटी पुरावा पुन्हा तपासू शकतं, शिक्षा कमी करू शकतं, जामीन देऊ शकतं.

कमतरता आहेतच. न्यायाधिकरण संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे, आणि त्याच्यापुढच्या जवळजवळ प्रत्येक खटल्यात प्रतिवादी कोण? तेच मंत्रालय. सदस्यांच्या जागा रिकाम्या राहिल्यानं काही खंडपीठं महिनोन्महिने बंद पडली. आणि सगळ्यात बोचणारी गोष्ट अशी की समरी कोर्ट मार्शलमध्ये बडतर्फी किंवा तीन महिन्यांपेक्षा जास्त कैद झाली असेल तरच एएफटीचं दार उघडतं. अडीच महिन्यांच्या कैदेला ते बंद.

एएफटीच्या पुढे जायचं कुठे, यावरही बरीच वर्षं टोलवाटोलवी झाली. सर्वसामान्य लोकहिताचा कायदेशीर मुद्दा असेल तरच सर्वोच्च न्यायालयात अपील, असं कायदा सांगतो. पेन्शनच्या एखाद्या प्रकरणात असला मुद्दा कुठून आणायचा? सर्वोच्च न्यायालयाच्या 2015 च्या एका निकालानं उच्च न्यायालयाचा रस्ता जवळजवळ बंद केला. मार्च 2023 मध्ये परषोत्तम दास यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानंच तो पुन्हा मोकळा केला: अनुच्छेद 226 खालचा उच्च न्यायालयाचा रिट अधिकार न्यायाधिकरणाच्या कायद्यानं हिरावून घेता येत नाही. दिल्लीपर्यंत जाणं न परवडणाऱ्या साताऱ्या-सांगलीच्या माजी सैनिकासाठी हा छोटा बदल नाही.

मुंबईतला खून आणि पथ्रीबलची टेकडी

सैनिकानं नागरी कायद्यातला गुन्हा केला तर खटला कुठे चालायचा? कमांडर नानावटी प्रकरण मराठी माणसाला सांगायला नको. एप्रिल 1959 मध्ये नौदलाच्या या अधिकाऱ्यानं मुंबईत प्रेम आहुजा यांना गोळ्या घातल्या. खटला साध्या सत्र न्यायालयात चालला. कारण किनाऱ्यावर, शांततेच्या काळात, सैन्याबाहेरच्या माणसाचा खून झाला तर तो कोर्ट मार्शलकडे जात नाही. आर्मी ॲक्टच्या कलम 70 मध्येही हेच आहे: नागरिकाचा खून, सदोष मनुष्यवध आणि बलात्कार साध्या कोर्टात. तरीही नौदलाची सावली खटल्यावर होतीच. मुंबई उच्च न्यायालयानं जन्मठेप दिल्यावर राज्यपालांनी शिक्षेला तात्पुरती स्थगिती दिली आणि नानावटींना आयएनएस कुंजाली इथल्या नौदलाच्या कोठडीत ठेवलं. सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर 1960 मध्ये ही स्थगिती अवैध ठरवली.

कलम 70 ला अपवाद मात्र आहेत: युद्धसेवा, भारताबाहेरचं ठिकाण, आणि सरकारनं जाहीर केलेली सीमेवरची ठाणी. अशा वेळी नागरी कोर्ट की कोर्ट मार्शल, ही निवड आधी सैन्याकडे असते. मार्च 2000 मध्ये काश्मीरमधल्या पथ्रीबल इथे पाच जण मारले गेले. ते परदेशी दहशतवादी होते असं तेव्हा सांगितलं गेलं, सीबीआयच्या तपासात ते स्थानिक नागरिक निघाले आणि 2006 मध्ये आरोपपत्र दाखल झालं. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निवड सैन्यावर सोपवली. सैन्यानं प्रकरण स्वतःकडे घेतलं आणि जानेवारी 2014 मध्ये पुरेसा पुरावा नाही म्हणून, कोर्ट मार्शल भरण्याआधीच, बंद केलं. पुरावा खरंच अपुरा असेलही. पण तो उघड कोर्टात तपासला गेला नाही, आणि मारल्या गेलेल्यांच्या नातेवाइकांना अपील करायला लष्करी कायद्यात जागा नाही. आरोपीसाठी एएफटी आहे. पीडितासाठी काहीच नाही. सुधारणांच्या चर्चेत हा मुद्दा सगळ्यात मागे पडतो.

न शोभणारं वर्तन

प्रत्येक लष्करी कायद्यात एक पोतडी असते. आपल्याकडे ती कलम 63 आहे: दुसऱ्या कुठल्याही कलमात न बसणारी, पण शिस्तीला बाधक अशी कोणतीही कृती. सात वर्षांपर्यंत कैद. अधिकारी आणि जेसीओंसाठी कलम 45 आहे, पदाला न शोभणाऱ्या वर्तनाचं. काय शोभतं आणि काय नाही, हे कायद्यात लिहिलेलं नाही. ते ठरतं मेसच्या रूढीनं.

2018 मध्ये जोसेफ शाइन निकालानं व्यभिचाराचा गुन्हा भारतीय दंड संहितेतून गेला. मग सहकाऱ्याच्या पत्नीशी संबंध ठेवणाऱ्या अधिकाऱ्यावर कारवाई कशी करायची, असा प्रश्न सैन्याला पडला. जानेवारी 2023 मध्ये घटनापीठानं स्पष्ट केलं की तो निकाल सैन्यदलांच्या कायद्यांबद्दल नव्हताच, कारवाई चालू राहू शकते. नवरा सहा महिने सियाचीनला असताना घराकडे कुणाची वाकडी नजर नको, ही सैन्याची बाजू मला समजते. पण मग तो गुन्हा कायद्यात नाव घेऊन, नेमक्या शब्दांत लिहावा. पोतडीत हात घालून बाहेर काढू नये.

थोडं झालं आहे

तिन्ही दलांच्या वेगवेगळ्या कायद्यांमुळे एक वेगळीच पंचाईत होत असे. 2001 पासून अंदमान-निकोबारला तिन्ही दलांची एकत्र कमांड आहे. तिथला प्रमुख नौदलाचा असला आणि त्याच्या हाताखालचा भूदलाचा जवान चुकला, तर त्याला शिस्तीच्या कारवाईसाठी त्याच्या मूळ दलाकडे सोपवावं लागायचं. 2023 च्या इंटर-सर्व्हिसेस ऑर्गनायझेशन्स कायद्यानं हे बदललं. संयुक्त संस्थेच्या प्रमुखाला आता तिन्ही दलांच्या माणसांवर शिस्तीचे अधिकार आहेत. मे 2024 पासून तो लागू झाला. थिएटर कमांडच्या, म्हणजे एका भागातली तिन्ही दलं एकाच सेनापतीखाली आणण्याच्या, वाटेवरचं हे गरजेचं पाऊल आहे. मात्र नीट वाचलं तर लक्षात येतं की यानं कमांडरचे अधिकार रुंद झाले. आरोपीचं संरक्षण तिथेच राहिलं, आणि तीन कायदे तीनच राहिले.

बाहेर काय झालं ते पाहण्यासारखं आहे. ब्रिटनमध्ये फॉकलंड युद्धात लढलेल्या फिंडले नावाच्या सैनिकानं 1990 मध्ये स्वतःच्याच तुकडीतल्या माणसांवर पिस्तूल रोखलं. कोर्ट मार्शल झालं. सदस्य नेमणारा, दोन्ही बाजूंचे अधिकारी नेमणारा आणि निकाल पक्का करणारा तिथेही एकच वरिष्ठ. 1997 मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयानं हे निष्पक्ष न्यायालय नव्हे असं ठरवलं. निकाल येणार हे दिसताच ब्रिटननं 1996 मध्येच ते पद मोडीत काढलं, आणि 2006 च्या कायद्यानं तिन्ही दलांसाठी एकच कायदा, एक कायमस्वरूपी कोर्ट मार्शल, नागरी न्यायाधीश आणि कमांडपासून स्वतंत्र असा अभियोग संचालक आणला. अमेरिकेत लैंगिक अत्याचारासारख्या गंभीर गुन्ह्यांत खटला भरायचा की नाही हे डिसेंबर 2023 पासून कमांडर ठरवत नाही, स्वतंत्र लष्करी वकील ठरवतात. दोन्हीकडे किरकोळ शिस्तीचे अधिकार कमांडरकडेच ठेवले आहेत.

आपल्याकडेही तेवढंच हवं. कलम 80 ला हात लावू नये, सीओला शिपायाला 28 दिवस लाइनमध्ये बसवता आलं पाहिजे. त्याच्या वरचं, म्हणजे ज्यात माणसाची नोकरी, पेन्शन किंवा स्वातंत्र्य जातं ते, वेगळ्या हातात द्यावं. जज ॲडव्होकेट आज ॲडज्युटंट जनरलच्या शाखेखाली, म्हणजे कमांडच्याच छपराखाली असतात. तिथून त्यांना बाहेर काढावं. समरी कोर्ट मार्शल निदान शांततेच्या ठिकाणी बंद करावं, आणि ते होईपर्यंत त्यात बडतर्फीचा अधिकार नसावा. एएफटी संरक्षण मंत्रालयाकडून काढून विधी व न्याय मंत्रालयाकडे न्यावं. यातली एकही गोष्ट अशक्य नाही. पण जवानांना संघटना करता येत नाही, मोर्चा काढता येत नाही, आणि निवडणुकीत ‘कोर्ट मार्शल’ या विषयावर कुणी मतं मागत नाही. म्हणून ते रेंगाळतं.

तोवर एखाद्या घरात ही वेळ आलीच, तर दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. कोर्ट मार्शलच्या कार्यवाहीची प्रत मिळणं हा आरोपीचा हक्क आहे, आर्मी रूल्सच्या 147व्या नियमाखाली ती लेखी मागावी. आणि एएफटीकडे कोर्ट मार्शलविरुद्ध अपील करायची मुदत 90 दिवस. महाराष्ट्र, गोवा आणि गुजरातसाठीचं खंडपीठ मुंबईत आहे.